पवनचक्क्या कोणी चालवल्या, कोणी थांबवल्या?

विज्ञानाच्या पुस्तकात ऊर्जेचा धडा असतो आणि धड्याच्या शेवटी एक ठरलेला प्रश्न असतो : अपारंपरिक ऊर्जास्रोतांचे फायदे व तोटे लिहा. उत्तरही ठरलेलेच. फायदे : प्रदूषण होत नाही, इंधन फुकट मिळते, साठा संपत नाही. तोटे : वारा सतत वाहत नाही, रात्री ऊन नसते आणि वीज महाग पडते.

तोट्यांपैकी पहिले दोन निसर्गाबद्दलचे आहेत. वारा पडतो, सूर्य मावळतो, यात कोणाचेच काही चालत नाही. तिसरे विधान मात्र वेगळ्या जातीचे आहे. महाग म्हणजे कशाच्या तुलनेत? कोणाला? आणि कोणत्या साली? वस्तूचे वस्तुमान आपण तराजूवर मोजू शकतो. विजेची किंमत तशी मोजता येत नाही. इंधनाचा भाव, कर, सवलती, तारांवरची मालकी आणि सरकारचे नियम मिळून ती ठरते. म्हणजेच ती माणसे ठरवतात, आणि माणसांचे हितसंबंध असतात.

हे नुसते म्हणून चालणार नाही, दाखवायला हवे. त्यासाठी आपण डेन्मार्कमधल्या पवनचक्क्यांचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहू. हा देश महाराष्ट्राच्या साधारण सातव्या भागाएवढा, लोकसंख्या ६० लाखांच्या आसपास. कोळशाच्या खाणी नाहीत. धरणे बांधावीत असे डोंगरही नाहीत. देशातली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून पावणेदोनशे मीटरही भरत नाही. आहे तो भरपूर वारा. पण वारा तर तिथे हजारो वर्षे आहे. मग पवनचक्क्या कधी वाढल्या, कधी बंद पडल्या, पुन्हा वाढल्या, पुन्हा थांबल्या, असे का झाले?

आधी थोडे गणित

वाऱ्यापासून मिळणारी शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, पाती फिरताना जे वर्तुळ व्यापतात त्याचे क्षेत्रफळ. व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट, म्हणून शक्तीही चौपट. दुसरी गोष्ट वाऱ्याचा वेग. इथे शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. सेकंदाला ५.५ मीटर वेगाच्या वाऱ्यापेक्षा ७ मीटर वेगाच्या वाऱ्यात जवळजवळ दुप्पट शक्ती असते. (मुलांना हे करून पाहू द्या : ७ भागिले ५.५, आणि येणाऱ्या उत्तराचा घन.)

याचा व्यवहारातला अर्थ असा की चांगल्या वाऱ्याच्या जागा मोजक्याच असतात आणि त्या जागांना मोल येते. वाऱ्याला मालक नसतो, पण ज्या जमिनीवरून तो वाहतो तिला असतो. आणि तयार झालेली वीज ज्या तारांमधून जाते त्या तारांनाही असतो.

एका शिक्षकाची पवनचक्की

पोल ला कूर (१८४६-१९०८) हे मूळचे हवामानशास्त्रज्ञ. तारयंत्रावरच्या त्यांच्या शोधांमुळे त्यांचे नाव झाले होते. १८७८ साली ते हवामान खात्यातली नोकरी सोडून जटलंड प्रांतातल्या आस्कोव या खेड्यातल्या लोकविद्यालयात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायला गेले. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींना परीक्षेच्या जाचाशिवाय शिक्षण देणारी अशी विद्यालये डेन्मार्कमध्ये त्या काळी गावोगाव होती. याच शेतकऱ्यांनी १८८२ पासून सहकारी दूध डेअऱ्याही काढायला सुरुवात केली होती. सहकाराची ही सवय पुढे कामी येणार आहे, ती ध्यानात ठेवू.

त्या सुमारास शहरांमध्ये वीज येऊ लागली होती. कोळशावर चालणारी यंत्रे आणि ती घेऊ शकणारे भांडवल, दोन्ही शहरात होते. खेडी अंधारातच राहणार आणि तरुण गाव सोडून जाणार, ही ला कूर यांची चिंता होती. खेड्याकडे कोळसा नसला तरी वारा आहे, तर त्यापासून वीज करता येईल का? १८९१ साली सरकारकडून मिळालेल्या अनुदानातून त्यांनी आस्कोवला प्रयोगाची पवनचक्की उभारली आणि तिला डायनामो जोडला.

वारा पडल्यावर काय, हा प्रश्न तेव्हाही होताच. ला कूर यांनी पवनचक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन केले, मिळालेले हायड्रोजन आणि ऑक्सिजन टाक्यांमध्ये साठवले आणि त्यांवर शाळेचे दिवे लावले. १८९५ पासून काही वर्षे आस्कोवचे वर्ग या प्रकाशात भरत होते. त्यांनी छोटे वातबोगदे बनवून पात्यांच्या आकारावर प्रयोग केले आणि दाखवले की पुष्कळ पात्यांच्या संथ चक्रापेक्षा थोड्या पात्यांचे वेगाने फिरणारे चक्र वीजनिर्मितीला अधिक चांगले. आजच्या पवनचक्कीला तीनच पाती का, या मुलांच्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात इथे आहे.

१९०३ साली त्यांच्या पुढाकाराने पवन-विजेच्या प्रसारासाठी संस्था निघाली आणि १९०४ पासून आस्कोवला खेड्यातल्या वीजतंत्रज्ञांचे वर्ग सुरू झाले. त्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याची गाठ पुढे पडेल.

युद्धात चालू, शांततेत बंद

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि बाहेरून येणारा कोळसा आणि तेल दुर्मीळ झाले. खेड्यातल्या पवनचक्क्यांना एकदम किंमत आली. १९१८ साली डेन्मार्कमधल्या सुमारे १२० ग्रामीण वीजकेंद्रांमध्ये पवनचक्की होती. प्रत्येकीची क्षमता साधारण २० ते ३५ किलोवॅट. देशाच्या विजेपैकी सुमारे ३ टक्के वीज त्या देत होत्या.

युद्ध संपले, कोळसा पुन्हा येऊ लागला. मोठी औष्णिक केंद्रे उभी राहिली आणि त्यांच्या प्रत्यावर्ती विजेचे जाळे खेड्यांपर्यंत पोचू लागले. पवनचक्क्यांची वीज होती एकदिश. तिला त्या जाळ्यात जागा नव्हती. एकेक पवनचक्की थांबली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली जर्मनीने देश व्यापल्यावर, पुन्हा तेच : इंधन नाही, म्हणून पवनचक्की हवी. सिमेंटची यंत्रे बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनेही तेव्हा पवनचक्क्या बांधल्या. १९४५ नंतर पुन्हा बंद.

या तीस वर्षांत वारा बदलला नव्हता आणि पवनचक्कीही फारशी बदलली नव्हती. बदलत होता तो कोळशाचा आणि तेलाचा पुरवठा. वाऱ्याची वीज स्वस्त की महाग हे पवनचक्कीकडे पाहून सांगता येत नव्हते. त्यासाठी बंदरात कोणती जहाजे लागली आहेत हे पाहावे लागत होते.

यूलची युक्ती

आता सतरा वर्षांचा तो विद्यार्थी साठीला आलेला अभियंता होता आणि एका वीजकंपनीत काम करत होता. पवनचक्कीची वीज प्रत्यावर्ती जाळ्यात थेट कशी सोडायची हा प्रश्न यूल यांनी घेतला. त्यांचे उत्तर समजायला विहिरीवरचा पंप डोळ्यांसमोर आणू. पंपाची साधी प्रेरण मोटर जाळ्यातून वीज घेते आणि जाळ्याच्या कंप्रतेने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा किंचित हळू फिरते. तीच मोटर बाहेरून जोर लावून त्या गतीपेक्षा किंचित जोरात फिरवली, तर ती वीज घेण्याऐवजी जाळ्याला वीज देऊ लागते. गतीवर लगाम जाळेच ठेवते. म्हणजे महागडी नियंत्रणे नकोत. वारा फार झाला तर पात्यांचा आकारच असा ठेवायचा की त्यांवरून हवेचा प्रवाह सुटून शक्ती आपोआप मर्यादेत राहावी. आणि त्यातूनही चक्र सुसाट सुटलेच, तर पात्यांची टोके वळून ब्रेक लागावा.

या तत्त्वांवर त्यांनी गेडसर येथे तीन पात्यांची, २४ मीटर व्यासाची, २०० किलोवॅटची पवनचक्की उभारली. युद्धानंतरच्या अमेरिकी मार्शल मदतीतला पैसा तिला मिळाला होता. १९५७ पासून दहा वर्षे ती फारशी देखभाल न लागता चालली.

आणि तरीही प्रकरण तिथेच मिटले. मध्यपूर्वेतले तेल तेव्हा अतिशय स्वस्त होते. १९६२ साली या प्रयोगांसाठी नेमलेल्या समितीने हिशोब मांडला की वाऱ्याची वीज कोळसा-तेलाच्या विजेपेक्षा महाग पडते, आणि काम गुंडाळले. १९६७ साली गेडसरची पवनचक्की थांबवण्यात आली. हिशोब चुकीचा होता असे नाही. पण असा हिशोब आजच्या भावावर होतो. उद्या तेल मिळालेच नाही तर काय, या धोक्याची किंमत त्यात कुठल्याच रकान्यात नसते. धुराने होणाऱ्या नुकसानीचाही रकाना नसतो.

१९७३ : रकाने बदलले

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडला आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. डेन्मार्कच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ९० टक्के ऊर्जा तेव्हा आयात तेलातून येत होती. रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी झाली. आता काहीतरी करायला हवे यावर सर्वांचे एकमत होते. काय करायचे यावर मात्र नव्हते.

वीजकंपन्या आणि सरकार यांचे उत्तर अणुवीज हे होते. मोठी केंद्रे बांधायची, मोठ्या तारांनी वीज वाटायची. वीजकंपन्यांची सारी घडण त्यासाठीच झालेली होती. याला विरोध करणारी लोकचळवळ १९७४ पासून उभी राहिली. नुसते 'नको' म्हणून भागणार नव्हते, 'मग काय हवे' हेही सांगणे भाग होते. १९७६ साली सरकारने अणुवीज धरून ऊर्जा आराखडा मांडला, तेव्हा विद्यापीठांतल्या काही अभ्यासकांनी अणुविजेशिवायचा पर्यायी आराखडा आकडेवारीसह लोकांपुढे ठेवला. गावोगावच्या सभांमध्ये ऊर्जेवर चर्चा झाल्या. शेवटी १९८५ साली डेन्मार्कच्या संसदेने देशाच्या आराखड्यातून अणुवीज वगळली.

या वादाच्या काळात पवनचक्की पुन्हा जिवंत केली ती वीजकंपन्यांनी नव्हे. क्रिश्चन रीसागर नावाच्या सुताराने यूल यांचा नमुना पुढे ठेवून २२ किलोवॅटची पवनचक्की बनवली आणि ती जाळ्याला जोडली. ट्विंड येथील शाळांच्या शिक्षकांनी आपल्या पगाराचे पैसे एकत्र केले आणि विद्यार्थी व स्वयंसेवकांच्या हातांनी १९७५ ते १९७८ या काळात ५४ मीटर व्यासाची, २ मेगावॅट क्षमतेची पवनचक्की बांधली. त्या वेळी ती जगातली सर्वांत मोठी होती. शेतीची अवजारे बनवणारे कारखाने या धंद्यात उतरले. व्हेस्टास ही कंपनी त्यांतलीच.

सरकारनेही दोन गोष्टी केल्या. १९७८ साली रिसो येथे पवनचक्क्यांचे चाचणी केंद्र काढले. गंमत अशी की रिसो ही मुळात अणुसंशोधनासाठी उभारलेली प्रयोगशाळा. आणि १९७९ पासून, या केंद्राने मान्यता दिलेल्या पवनचक्कीच्या किमतीचा ३० टक्के भाग सरकार देऊ लागले. मान्यतेची अट महत्त्वाची होती. वादळात मोडणारे यंत्र बाजारात आले तर पैसा आणि लोकांचा विश्वास दोन्ही जातात. ही मदत हळूहळू कमी करत १९८९ साली पूर्ण बंद केली.

तारेत शिरण्याचा हक्क

पवनचक्की उभी राहिली, पण वीज विकायची कोणाला? तारा वीजकंपनीच्या. तिने वीज घेतली नाही, किंवा कवडीमोल भावाने घेतली, तर पवनचक्की चांगली असूनही निरुपयोगी. वीजकंपन्यांच्या बाजूनेही म्हणणे होते : वारा नसतो तेव्हा आम्हालाच दुसरी केंद्रे चालवावी लागतात, आणि नव्या तारांचा खर्च कोणी करायचा? यावर १९८४ साली दहा वर्षांचा करार झाला. ग्राहक विजेचा जो दर देतो त्याच्या ८५ टक्के दराने कंपनीने ही वीज घ्यायची आणि जोडणीच्या खर्चातला वाटा उचलायचा. हा तह फार टिकला नाही. भांडण वाढले, तेव्हा १९९२ साली सरकारने तोच ८५ टक्के दर कायद्याने ठरवून दिला.

याने एक मोठी गोष्ट साधली. आपली वीज अमुक भावाने घेतली जाईल ही खात्री असल्यामुळे साधी माणसेही पैसे घालू शकली. पवनचक्कीचे वाटे पाडण्यात आले. एक वाटा म्हणजे वर्षाला १००० युनिट वीज. दुधाच्या डेअरीत जसे शेतकरी भागीदार, तसे पवनचक्कीत गावकरी. सुरुवातीला हे वाटे जवळपास राहणाऱ्यांनाच घेता येत आणि किती घ्यावेत यावरही मर्यादा होती, म्हणजे शहरातल्या एखाद्या धनिकाने गावचा वारा विकत घेऊ नये. १९९० च्या दशकाच्या अखेरीस १ लाखांहून अधिक कुटुंबांकडे असे वाटे होते. २००० साली कोपनहेगनच्या बंदराबाहेर समुद्रात मिडलग्रुंडन येथे २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या निम्म्या साडेआठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या आहेत.

पवनचक्कीचा आवाज आणि सावली यांबद्दल तक्रारी डेन्मार्कमध्येही होतात. पण आवाज करणारे पाते आपले स्वतःचेही असेल, तर तो आवाज वेगळा ऐकू येतो.

दोन महासत्तांचे धडे

याच काळात अमेरिकेने दुसरा मार्ग धरला होता. नासा आणि विमाने बनवणाऱ्या कंपन्या यांच्याकडून एकदम २ ते ३ मेगावॅटची अवाढव्य यंत्रे करून घ्यायची. पश्चिम जर्मनीनेही १९८३ साली ग्रोवियान नावाची १०० मीटर व्यासाची पवनचक्की उभारली. ती जेमतेम काही शे तास चालली आणि १९८८ साली मोडीत काढावी लागली. अमेरिकेतल्या यंत्रांनाही तडे आणि बिघाड यांनी ग्रासले. पैसा आणि गणित त्यांच्याकडे कमी नव्हते. पण छोट्या यंत्रापासून चुका करत, दुरुस्त करत मोठे होण्याचा मार्ग त्यांनी टाळला होता. गंमत म्हणजे नासाला मोजमापांसाठी गेडसरची ती जुनी पवनचक्की पुन्हा चालू करून हवी झाली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती तशी चालवलीही गेली.

कॅलिफोर्नियात १९८० च्या सुमारास वेगळीच लाट आली. १९७८ च्या कायद्याने तिथल्या वीजकंपन्यांना छोट्या उत्पादकांची वीज घेणे भाग पाडले होते. शिवाय पवनचक्कीत पैसे गुंतवणाऱ्याला केंद्र आणि राज्य यांच्या करांत मिळून गुंतवणुकीच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत सूट मिळे. आल्टामाँट खिंडीत हजारो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पण सूट गुंतवणुकीवर होती, तयार होणाऱ्या विजेवर नव्हती. पाती फिरोत न फिरोत, कर वाचत होता. त्यामुळे अनेक यंत्रे बेभरवशाची निघाली, आणि दणकट डॅनिश यंत्रांची मागणी वाढली. १९८५ अखेर केंद्राची सवलत संपली आणि बाजार कोसळला. १९८६ साली खुद्द व्हेस्टास दिवाळखोरीत गेली. पुढच्या वर्षी फक्त पवनचक्क्यांची कंपनी म्हणून ती नव्याने उभी राहिली. वॉशिंग्टनमधल्या कराच्या एका कलमाने जटलंडमधल्या कामगाराची नोकरी गेली.

सरकार बदलले, पाती थांबली

डेन्मार्कमध्येही गोष्ट सरळ रेषेत गेली नाही. २००१ साली निवडणुकीत सरकार बदलले. वाऱ्याच्या विजेसाठी ग्राहक जास्तीचा आकार भरत आहेत, हा भार कमी करून बाजाराला निवड करू द्यावी, असे नव्या सरकारचे मत होते. समुद्रातल्या पाच नियोजित प्रकल्पांपैकी तीन रद्द झाले, ठरावीक दर गेला. परिणाम आकड्यांत पाहा : २००३ साली देशातल्या पवनचक्क्यांची क्षमता सुमारे ३१०० मेगावॅट होती, आणि २००८ सालीही सुमारे ३१०० मेगावॅटच्या थोडी वर. पाच वर्षे जवळजवळ शून्य वाढ. तेव्हा जगात विकल्या जाणाऱ्या पवनचक्क्यांपैकी मोठा हिस्सा याच देशातल्या कंपन्यांचा होता, तरीही!

२००८ साली पक्षांमध्ये नवा करार झाला आणि वाढ पुन्हा सुरू झाली. २००९ पासून नव्या प्रकल्पातले किमान २० टक्के वाटे जवळच्या रहिवाशांना देऊ करण्याची अट आली. सहकारी संस्थांच्या जागी मोठ्या कंपन्या आल्या होत्या आणि गावांचा विरोध वाढला होता, त्यावरचा तो उपाय होता. आज डेन्मार्कमध्ये तयार होणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची असते.

म्हणून गोष्ट संपली का? २०२४ च्या डिसेंबरमध्ये उत्तर समुद्रातल्या ३००० मेगावॅटच्या जागांसाठी निविदा मागवल्या होत्या. सरकारी मदत नव्हती, आणि व्याजदर व यंत्रांच्या किमती वाढलेल्या. एकही निविदा आली नाही. २०२५ साली सरकारला मदतीची तयारी दाखवून नव्याने निविदा काढण्याचे ठरवावे लागले. सव्वाशे वर्षांचा अनुभव, उत्तम तंत्र, उत्तम वारा, सगळे असूनही हिशोब जुळला नाही की काम थांबते.

आपल्याकडचा वारा

भारतात १९८६ साली गुजरात, तामिळनाडू आणि आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर प्रात्यक्षिक म्हणून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या ५५ किलोवॅटच्या डॅनिश बनावटीच्या होत्या. यंत्र तेच आले. मालकीची पद्धत मात्र आली नाही.

१९९० च्या दशकात आपल्याकडे वाढीला जोर दिला तो आयकरातल्या घसाऱ्याच्या सवलतीने. कारखानदार यंत्र घेतो तेव्हा त्याची किंमत खर्च म्हणून दरवर्षी थोडी थोडी वजा करतो. पवनचक्कीच्या बाबतीत पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा करायला परवानगी होती. समजा, एखाद्या कंपनीला ५ कोटी नफा झाला आणि तिने ५ कोटींची पवनचक्की घेतली, तर त्या वर्षी त्या नफ्यावर कर शून्य. कापड किंवा मोटारी बनवणाऱ्या कंपन्या पवनचक्क्या का घेत होत्या, याचे उत्तर यात आहे. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या जलाशयाजवळचे वनकुसवडे आणि ठोसेघरजवळचे चाळकेवाडी, ही पठारे पवनचक्क्यांनी भरली ती याच काळात आणि नंतर.

ही सवलत कोणाच्या उपयोगाची? ज्याला मोठा नफा आहे आणि मोठा कर भरायचा आहे, त्याच्या. पठारावर गुरे चारणाऱ्या, नाचणी पिकवणाऱ्या माणसाला आयकरच लागत नव्हता, मग सूट कसली? वारा त्याच्या शिवारातला, पण त्यात वाटा घेण्याचा दरवाजा त्याच्या उंचीचा नव्हता. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ ज्या महाराष्ट्राने उभे केले, तिथे पवनचक्क्या सहकाराच्या वाटेने गेल्या नाहीत. कायद्याने ती वाट सोयीची केली नव्हती.

नियम बदलले की आपल्याकडेही आकडे हलतात. २००२ च्या सुमारास १०० टक्क्यांचा घसारा ८० टक्के झाला. एप्रिल २०१२ मध्ये ही खास सवलत काढून घेतली. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३२०० मेगावॅटची भर पडली होती, २०१२-१३ मध्ये ती सुमारे १७०० मेगावॅटवर आली. २०१४ साली सवलत परत आली, २०१७ पासून ४० टक्क्यांवर उतरली. त्याच वर्षी ठरावीक दराऐवजी लिलावाने दर ठरवणे सुरू झाले. पहिल्याच लिलावात युनिटला ३ रुपये ४६ पैसे असा दर निघाला. वीज स्वस्त झाली, पण २०१६-१७ मधली सुमारे ५५०० मेगावॅटची वाढ पुढच्या वर्षी सुमारे १८०० मेगावॅटवर घसरली. यातले चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे तुम्ही ग्राहक आहात, कारखानदार आहात की पठारावरचे शेतकरी, यावर ठरते.

वर्गात काय करता येईल?

धडा शिकवताना पवनचक्कीचे चित्र काढून भाग दाखवणे आवश्यकच आहे. त्याबरोबर आणखी एक करून पाहावे, असे आम्हाला वाटते. मुलांना घरचे विजेचे बिल आणायला सांगावे. त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी असतात. यातली कोणती रक्कम वीज तयार करण्याची, कोणती तारांची, कोणती सरकारची, हे मुलांनी शोधावे. दोन-तीन महिन्यांची बिले शेजारी ठेवली तर इंधन समायोजन आकार कमीजास्त झालेला दिसेल. कोळशाचा भाव चढला की त्याचे पडसाद या ओळीत उमटतात. १९१८ साली आस्कोवच्या आसपासच्या खेड्यांना जे बंदराकडे पाहून कळत होते, ते आपल्याला या एका ओळीत वाचता येते.

गावात कोणाच्या छतावर सौर पॅनेल असतील, तर त्यांचेही बिल पाहावे. दुपारी वापरून उरलेली वीज कंपनी घेते का, आणि कोणत्या हिशोबाने? हे वीज नियामक आयोगाच्या नियमांनी ठरते. आयोग असे नियम करताना लोकांच्या हरकती आणि सूचना मागवतो, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. नववी-दहावीची मुले अशी एखादी सूचना नक्कीच लिहू शकतील.

आणि परीक्षेत 'अपारंपरिक वीज महाग असते' असे कोणी लिहिलेच, तर एक गुण कापण्याऐवजी समासात एक प्रश्न लिहावा : कोणापेक्षा, आणि हे कोणी ठरवले?